पित्त म्हणून सांगितलेला आजार

आमच्या नात्यागोत्यात आणि बंगळुरूतल्या मराठी ओळखीपाळखीत एक गोष्ट पक्की समजली जाते. माझी नात सई अमेरिकेत शिकायला गेली, तिथे तिने स्वतःच्या औषधांची हेळसांड केली आणि आपल्या हाताने वाटोळं करून घेतलं. काही जण याहून वाईट बोलतात. पोरीने जीवच द्यायचा प्रयत्न केला, असं एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणालं. मी मागे वळून पाहिलं नाही. जेवत राहिलो.

ती गोळी अर्धी करायला मी सांगितलं होतं.

सईला अपस्मार आहे. तिला फिट येतात. हे दोन शब्द आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी उच्चारले नाहीत, म्हणून आधी लिहून टाकतो. मी इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली, इंदिरानगरात घर बांधलं. बायको गेली, त्याच सुमाराला जावई वेगळा झाला आणि माझी मुलगी मेधा सईला घेऊन माझ्याकडे राहायला आली. तेव्हापासून घरातले सगळे कागद मीच बघायचो. मला त्याचा फार अभिमान होता.

ज्यांच्या घरातलं मूल असा एखादा आजार बरोबर घेऊन परदेशी निघालं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सईने मजकूर वाचला आणि होकार दिला. तिची अट एकच होती. “मला बिचारी करू नका.”

साड्यांचं दुकान

पहिली फिट चिकपेटच्या बाजारात, एका साड्यांच्या दुकानात आली. सई तेव्हा शाळेत होती. माझ्या भाच्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही गेलो होतो. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग पडला होता आणि सई मेधाला रेलून “हा नको, हा म्हातारा रंग आहे,” असं सांगत होती. मध्येच तिच्या घशातून एक आवाज निघाला. बकरं कापताना निघतो तसा. ती ताठ झाली, गादीवरून खाली घसरली आणि तिचं डोकं लाकडी फळीवर आपटायला लागलं. थांबेचना. फळी हलत होती. तिच्या ओठांतून फेस आला, मग तो लाल झाला.

कुणी तिच्या नाकाशी चप्पल धरली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. मी तिच्या तोंडात बोटं घातली. जीभ चावली जाईल असं मला वाटलं. हे कधीही, कुणीही करू नका. तिचा जबडा मिटला आणि माझ्या बोटाचं मांस सोलवटून निघालं. मी ओरडत दुसऱ्या हाताने तिचा जबडा फाकवत होतो. तिचा पुढचा दात मोडला तो त्या ओढाताणीत. आजाराने तिचा दात मोडला नाही, मी मोडला.

गर्दीतून आवाज आले, “फिट्स, फिट्स!” त्या गर्दीत भाच्याची होणारी सासूही उभी होती. मी रक्ताळलेला हात रुमालात गुंडाळला आणि तिला म्हणालो, “काही नाही हो. पित्त चढलंय. सकाळपासून उपाशी होती.”

नंतर डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं खरं नाव सांगितलं. गोळी नियमाने घेतली तर ही मुलगी शिकेल, नोकरी करेल, सगळं करेल, पण शाळेत आणि मैत्रिणींना माहीत असू द्या, असंही सांगितलं. बाहेर व्हरांड्यात मेधा म्हणाली, “अण्णा, उद्या शाळेत जाऊन सांगते.”

“कशाला? उद्या हिचं लग्न जमवायचं असेल तेव्हा हेच लोक उकरून काढतील. पित्त सांग.”

पित्त फार सोयीचं होतं. मराठी घरात ते असतंच. पित्त म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, मोरावळा येतो. आमच्याकडे मोरावळ्याच्या बरण्या साठल्या. सईसुद्धा शिकली. “आजोबा, आज माझं पित्त सुट्टीवर गेलंय,” असं म्हणायची आणि मला हसवायची.

विम्याचा कागद

तिला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्या विद्यापीठाचा स्वतःचा आरोग्य विमा होता. महाग होता, पण त्यात जुन्या आजाराची अडचण नव्हती. गोळ्या, डॉक्टर, सगळं त्यात बसत होतं. मात्र मुलांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच घोष चालू होता, की तो विमा घेऊ नका, भारतातून स्वस्तातली पॉलिसी काढा आणि ती तिथे दाखवून विद्यापीठाच्या विम्यातून सूट मिळवा. मी तसंच ठरवलं. एचएसआर लेआउटमधून एक विमा एजंट घरी आला. तिशीतला, मूळचा नागपूरचा, बोलका.

“अंकल, आधीचं काही दुखणं? शुगर, बीपी, फिट्स, ऑपरेशन?”

सई शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

“तसं काही नाही,” मी म्हणालो. “थोडं पित्त.”

“पित्त तर मलापण आहे अंकल. बॉसमुळे.” तो स्वतःच हसला आणि पुढचं पान उलटलं.

तो गेल्यावर सई उसळली. “आजोबा, मी रोज गोळी घेते!”

“गेल्या काही वर्षांत आली का फिट?”

“गोळी घेते म्हणून आली नाही ना!”

“मग बरी आहेस तू. धडधाकट माणसाने कागदावर कशाला आजारी व्हायचं?”

तिने खुर्ची अशी ढकलली की ती भिंतीवर आदळली. मेधा स्वयंपाकघरातून म्हणाली, “सई, आवाज खाली. त्यांना कळतं त्यातलं.”

लोकांना वाटतं मी पैसे वाचवले. तेवढंच असतं तर बरं होतं. मला भीती होती ती अक्षरांची. त्या आजाराचं नाव तिच्या नावाशेजारी कुठेतरी छापलं जाईल आणि एक दिवस कुणाच्या तरी घरचे ते वाचतील, ही. म्हणून तिच्या बॅगेतून डॉक्टरांची चिठ्ठीही मीच काढून घेतली. गोळ्या पित्ताच्या औषधाच्या बाटलीत भरून दिल्या.

अर्धी गोळी

पुढे एकदा तिचा मला फोन आला. मेधा ऑफिसात होती.

“आजोबा, गोळ्या संपत आल्यात. इथे कॅम्पसवर दवाखाना आहे, तिथे जाऊन लिहून घेते.”

“वेडी आहेस का? तिथे नोंद झाली की पॉलिसी गेली. खोटं बोललीस म्हणून तुलाच धरतील, व्हिसाचं काय होईल देवाला माहीत. आपल्या समोरच्यांचा मुलगा येतोय तिकडे, त्याच्याबरोबर पाठवतो.”

“पण तोवर पुरणार नाहीत.”

“अर्धी अर्धी घे.”

“चालतं तसं?”

“चालतं.”

मी कुणालाही विचारलं नव्हतं. आयुष्यभर ‘चालेल’, ‘चालणार नाही’ असे शिक्के मारण्याची नोकरी केली होती, त्याच आवाजात बोललो.

“आईला सांगू?”

“तिला कशाला घाबरवतेस?”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने मेधाला फोन केला. तळघरात कपडे धुवायला उतरताना सईला जिन्यातच फिट आली होती. ती काँक्रीटच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. खांदा निखळला, गाल फाटला. आणि फिट थांबली नाही. एक संपायच्या आत दुसरी. ती मैत्रीण फोनवर किंचाळत होती, “आंटी, ती थांबतच नाहीये, तिचं डोकं थांबतच नाहीये!” शेवटी डॉक्टरांनी तिला औषधाने बेशुद्ध केलं आणि घशात नळी घातली.

मेधा पहिल्या मिळेल त्या विमानाने गेली. विमा कंपनीने कळवलं की जुना आजार लपवला आहे, सबब काही मिळणार नाही. कंपनीला दोष देण्याचं तोंड मला नाही. हॉस्पिटलचं बिल भरायला म्हैसूर रस्त्यावरचा माझा प्लॉट विकला. त्याबद्दल एवढंच.

शुद्धीवर आल्यावर सईला त्या दिवसांतलं काही आठवत नव्हतं. आधीचे काही आठवडे पुसून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, रुग्णाने स्वतःहून औषध कमी केलं होतं. रक्तातलं औषधाचं प्रमाण आणि बाटलीतल्या अर्ध्या गोळ्या बघून दुसरं काय लिहिणार? खरं सांगणारं माणूस जगात एकच उरलं होतं आणि ते बंगळुरूत बसून सगळ्यांना सांगत होतं की पोरीला जिन्यात चक्कर आली.

पट्ट्या

मेधा तिला घरी घेऊन आली आणि लगेचच पुन्हा फिट आली. या वेळी न्हाणीघरात. दार आतून बंद, आत बादली, मग नळ, मग काहीतरी मऊ भिंतीवर आपटल्याचा आवाज. मी आणि मेधाने दाराला धडका दिल्या. दार उघडलं तेव्हा सगळीकडे पाणी होतं आणि पाण्याला रंग आला होता.

हॉस्पिटलात फिट थांबली, पण सई सईच्या ताब्यात आली नाही. असं होऊ शकतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो. फिट उतरताना काही माणसं हिंस्र होतात आणि नंतर त्यांना ते आठवत नाही. तिने हातातली सलाइनची सुई उपटली. रक्ताची रेघ पडद्यावर उडाली. एका नर्सच्या पोटात लाथ मारली. मेधाच्या हाताचा चावा घेतला आणि सोडेना. चौघांनी तिला दाबून धरलं, तेव्हा ती मला अशा शिव्या देत होती की त्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. मनगटं आणि घोटे पट्ट्यांनी पलंगाला बांधले. पलंग चाकांसकट पुढे सरकत होता.

लाथ खाल्लेल्या नर्सनेच पट्ट्या बांधल्या. बांधताना प्रत्येक पट्टीखाली कापूस ठेवला आणि दोन बोटं घालून बघितलं की फार आवळलं तर नाही. मग मराठीत कानडी मिसळत मला म्हणाली, “अज्जा, स्वल्प बाहेर बसा. तिला ओरडू दे. ती तुम्हाला नाही ओरडत.”

ती मलाच ओरडत असायला हवी होती. मी बाहेर जाऊन बसलो.

मग दिवस हॉस्पिटलचे झाले. सकाळी अंग पुसणं, रक्त घेणं, इडली, मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर काहीच नाही. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचा नवरा रोज कॉफी आणताना न विचारता एक पेला आमच्यासाठीही आणायचा. नाव कधी विचारलं नाही. त्या पेल्यावर मेधा दिवस काढायची.

सई शांत झाली, पट्ट्या सुटल्या, त्या दिवशी मेधाने अमेरिकेतला कागद तिच्यासमोर धरला.

“का केलंस असं? अर्ध्या गोळ्या का घेतल्यास?”

“आई, मला आठवत नाही.”

“सांग ना, का केलंस?”

“खरंच आठवत नाही.”

मेधाने तिच्या मुस्कटात मारली. टाके असलेल्या गालावर. लगेच दुसरी. तिसरीला मी मेधाचा हात पकडला. सईने हात वर केला नाही, डोळे मिटले नाहीत, फक्त तोंडातली लाळ आणि रक्त चादरीला पुसलं. मी मेधाचा हात धरून उभा होतो आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं, तिला आठवत नाहीये.”

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरंच बोललो.

सुऱ्या

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सईला विचारलं, स्वतःला इजा करून घ्यायची होती का. ती म्हणाली, “माहीत नाही.” भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या कानावर अर्ध्या गोळ्याही गेल्या आणि हे उत्तरही. त्या उत्तरानंतर आमच्या घराचं रूप पालटलं. मेधाने सुऱ्या कपाटात कुलपाखाली ठेवल्या, न्हाणीघराची कडी काढून टाकली. सफरचंद खायचं झालं तर सई आईला हाक मारायची आणि मेधा कपाट उघडून, कापून, सुरी धुऊन पुन्हा आत ठेवायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

एका दुपारी सईने मला विचारलं, “आजोबा, मी मरायला बघत होते का?”

“नाही गं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

मी पेपर उचलला.

मला काय वाटत होतं ते लिहितो. मेधाला कळलं तर ती मुलीला घेऊन निघून जाईल आणि मी या घरात एकटा मरेन. बस, एवढंच. त्यात उदात्त काही नव्हतं.

विद्यापीठाने तिची जागा राखून ठेवली होती. परत येणार की नाही, एवढं त्यांना कळवायचं होतं. मेधा म्हणाली, विचार कर. सई म्हणाली, “जी मुलगी स्वतःच्या गोळ्या मोडते तिला एकटीला कोण पाठवेल? मीच पाठवणार नाही.” आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती नकाराची मेल लिहायला बसली. मेधा कणीक मळत होती.

मी म्हणालो, “थांब. गोळी अर्धी करायला मी सांगितलं होतं.”

मेधाचे हात थांबले. सईने वर बघितलं. “काय?”

मी पुन्हा सांगितलं.

“सगळं सांगा. मी काय बोलले, तुम्ही काय बोललात.”

मी सगळा फोन सांगितला. ‘चालतं’पर्यंत. ‘आईला सांगू’पर्यंत.

“म्हणजे मी डॉक्टरकडे जाणार होते?”

“हो.”

“मी विचारलं होतं, चालतं का म्हणून?”

“हो.”

ती हसली. खरोखर हसली, मोठ्याने. “आई, मी नव्हते गं. मी डॉक्टरकडे जाणार होते!” मग ती उठली. पहिला ठोसा माझ्या छातीत बसला. दुसरा तोंडावर. चष्म्याची काच फुटून भुवईत घुसली. मी फ्रीजवर आदळून खाली बसलो, तरी ती थांबली नाही. गुडघ्यावर बसून मारत राहिली, मुठीने, कोपराने, आणि प्रत्येक फटक्याला एकच शब्द म्हणत होती, “बोला! बोला! बोला!” माझ्या बरगडीत काहीतरी कट्‌कन वाजलं. मेधा कणकेच्या हातांनी उभी राहून बघत होती. तिने सोडवलं नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही सोडवलं नसतं.

दमल्यावर सई बाजूला जाऊन ओकली. मेधाने माझ्या अंगावर फडकं फेकलं. “पुसा ते रक्त.” आणि मग म्हणाली, “टाके होते तिला, अण्णा. मी टाक्यांवर मारलं. तुम्ही माझा हात धरलात आणि गप्प राहिलात.”

हॉस्पिटलात त्याच दोघी मला घेऊन गेल्या. तरुण डॉक्टरने विचारलं, “कसं लागलं?”

“न्हाणीघरात पाय…” मी सुरुवात केली.

“मी मारलं,” सई म्हणाली. “लिहा तसं.”

त्याने मेधाकडे बघितलं. मेधा म्हणाली, “हो. लिहा.”

त्या दिवशी घरी आल्यावर मेधाने सुऱ्यांचं कपाट उघडं ठेवलं.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

विमा घेताना किंमत शेवटी बघा. आधीच्या आजाराबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते आधी वाचा, आणि विद्यापीठाचा विमा तो आजार सामावून घेत असेल तर ग्रुपवरचे शहाणे काहीही म्हणोत, तोच घ्या. विचारलेल्या आजाराचं उत्तर खरं द्या आणि ते तुमच्या मुलाला स्वतःला देऊ द्या. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ वेष्टनासकट त्याच्या हातात द्या. गोळ्या कमी पडायला लागल्या तर त्याने त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरकडे जावं. पॉलिसी रद्द होईल तर होऊ दे. आणि फिट येताना दिसली तर तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच अँब्युलन्स बोलवा.

एक गोष्ट सईने मला सांगून इथे लिहायला लावली. मी सगळं कबूल केलं तेव्हा मला फार हलकं वाटलं आणि मी ते नातेवाइकांना फोन करून सांगायला निघालो. तिने माझ्या हातातून फोन घेतला. “लपवलं तेही तुम्ही, आता गावभर सांगणार तेही तुम्हीच? आजार माझा आहे. कुणाला सांगायचं ते मी ठरवीन. तुम्ही तुमच्यापुरतं सांगा.” म्हणून हे माझ्यापुरतं आहे.

ती परत चालली आहे. विद्यापीठाचाच विमा घेतला आहे. नवं औषध लागू पडलं आहे, पण फिट पूर्ण थांबतील असं कुणी म्हणत नाही. ती माझ्याशी बोलते, कामापुरतं. माझ्या बरगड्या जुळल्या. शिंकताना दुखतात.

काल ती विद्यापीठाची माहिती भरत होती. फिट आली तर कुणाला कळवायचं, हे त्यांनी विचारलं होतं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसलो होतो. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “आईचं घातलंय आणि मैत्रिणीचं. तुमचं नाव घातलेलं नाही.”

“बरोबर केलंस,” मी म्हणालो.

“विचारत नव्हते, आजोबा. सांगत होते.”